तोमेकिचीनं धरलेले पाय

…तर ती लाथ बसली नेमकी खालच्या बरगडीवर. काल इथंच थांबलो होतो ना आपण? लाथेचा आवाज झाला नाही, हे आधी लक्षात घ्या. गोनजुरो उस्तादाच्या खडावा वीतभर उंच, पण चालताना खडखड होऊ नये म्हणून तळाला भाताच्या पेंढ्याची जाड गादी बांधलेली. त्यामुळं समोर चटयांवर बसलेल्या लोकांना काय दिसलं? तर एक म्हातारा सरदार लेकीचा निरोप घेताना मान खाली घालून हुंदका देतोय. बायका बाहीनं डोळे पुसतायत. आणि सरदाराच्या कमरेखाली, काळ्या बुरख्याआड, तोमेकिची ओठ चावत श्वास शोधतोय. वर बाहुला रडत होता, खाली तोमे रडत होता. खालच्याला कुणी वाहवा केली नाही, इतकंच.

आता लाथ का बसली? ते तोमेलाही ठाऊक नव्हतं. गोनजुरो उस्ताद कधी सांगायचाच नाही. पाऊल लवकर पडलं, उशिरा पडलं, गुडघा कमी वाकला, की सकाळी बार्लीचा भात कच्चा होता म्हणून उस्तादाचं पोट बिघडलं होतं, सगळ्याला उत्तर एकच: खडाव.

बाहुल्याला तीन माणसं लागतात, हे आमच्या आवाजी बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एक डोकं आणि उजवा हात सांभाळतो, तो उस्ताद. दुसरा डावा हात. तिसरा पाय. पायवाल्यानं जन्मभर वाकून राहायचं, म्हणून उस्तादाला उंच खडावा. नाहीतर खालच्याला जागाच उरायची नाही. पायवाल्याचे दोन्ही तळवे बाहुल्याच्या टाचांमागच्या लोखंडी आकड्यांत, आणि त्याचा उजवा हात कोपरापासून उस्तादाच्या कमरेला टेकलेला. वरून बोलायची सोय नाही. कमर जरा वळली की डावं पाऊल, जरा दबली की बैठक, जरा ताणली की धाव. हे सगळं त्या हातानं ऐकायचं आणि धरणीवर आपल्याच पायानं धप्प आवाज काढायचा, म्हणजे लोकांना वाटावं बाहुला चालला. दहा वर्षं पाय, मग दहा वर्षं डावा हात, मग जमलं तर डोकं. असा रिवाज.

तोमेकिचीचे बावीस वर्षं पायच चालले होते.

त्याच्या जन्मापासूनच त्याच्याबाबतीत लोकांना घाई होती, आता पुरे म्हणायची. आईबापाचं सातवं पोर. घरात खायला रताळी आणि मुळ्याचं लोणचं, त्यातही वाटेकरी सहा. मग बापानं नावच असं ठेवलं, की ज्याचा अर्थ ‘इथं थांबा’. देवानं काही ऐकलं नाही, मागून आणखी दोघं आली. आपल्या जपानची रशियाबरोबरची लढाई संपली त्या वर्षी, सोळाव्या वर्षी, बापानं त्याला कानाला धरून बाहुल्यांच्या फडात आणून सोडला आणि उस्तादाला म्हणाला, “पोरगं बुटकं आहे, पण टिकाऊ आहे.” उस्तादानं त्याच्याकडं बघितलंही नाही. पायाकडं बघितलं. म्हणाला, “वाकव त्याला.” बापानं वाकवला. झालं, तोमेकिची फडात आला.

वाकून वाकून त्याची पाठ पुढं आली आणि नजर खाली गेली ती गेलीच. गावात कोण आलं ते तो चेहऱ्यावरून नाही, चालण्यावरून ओळखायचा. एकदा तळ्याच्या बांधावर पोलीसपाटील वेश बदलून जुगारी पकडायला आला होता, डोक्यावर गवताची टोपी, खांद्यावर मासेवाल्याची कावड. तोमे खाली मान घालून बसलेला. तो नुसता म्हणाला, “पाटील, मासेवाला टाच आधी टेकवत नाही.” जुगारी पसार. पाटलानं तोमेला दोन दिवस कोठडीत बसवला. तिथून बाहेर आला तर उस्ताद दारात. दोन दिवस तालीम बुडाली म्हणून खडाव.

लग्नाची गोष्ट तर सबंध खोऱ्यात सांगायचे. मुलगी बघायला गेला तर मध्यस्थ बाईनं विचारलं, “कशी वाटली?” हा म्हणाला, “चांगली चालते.” “अहो, तोंड कसं वाटलं?” “तोंड?” म्हणाला, “तोंडापर्यंत मी पोचलो नाही.” शिगेनं तरीही होकार दिला. पुढं तीच सांगायची, की पहिली दोन वर्षं या माणसानं मला चेहऱ्यानं ओळखलं नसतं. आणि बायकांच्या बाहुल्यांना मुळात पायच नसतात बरं का. पायवाला नुसत्या मुठी झग्याच्या घोळात घालून गुडघ्याचा भास उठवतो. शिगे चिडली की म्हणायची, “मी तरी काय आहे या घरात? घोळातली मूठच ना?”

तर हा माणूस बावीस वर्षं एकाच गोष्टीची वाट बघत होता. डाव्या हाताची. डोकं त्याला नकोच होतं. उस्ताद होण्याचं स्वप्न त्यानं कधी पाहिलं नाही. त्याला फक्त उभं राहायचं होतं. डावा हात धरणारा ताठ उभा राहतो. शिगेला तो म्हणायचा, “एकदा सरळ उभं राहून संपूर्ण खेळ करायचा. मग मेलो तरी चालेल.” शिगे म्हणायची, “मरायला कशाला पाहिजे, पाठीला आधी शेक घ्या.” आणि मोहरीचा लेप लावायला बसायची. तिच्या हाताला त्याच्या बरगड्यांवरची एकेक गाठ पाठ होती. कुठली गाठ कुठल्या गावच्या खेळाची, ते दोघं मोजत बसायचे आणि हसायचे. काय हसायचे! शेजारच्यांना वाटायचं या घरात कसला सण चाललाय.

बरं, लाथा एक दिवस बंद झाल्या.

शिकोकूच्या दौऱ्यावर होते, थंडीचे दिवस. सकाळी जेवताना गोनजुरो उस्तादाच्या हातातून कढणाची वाटी निसटली. कुणी लक्ष दिलं नाही. दुपारच्या खेळात सरदाराची सात पावलं आली. लेकीच्या दारातून म्हातारा सात पावलं चालतो, सातव्या पावलावर थांबतो आणि मागं बघत नाही, त्या सात पावलांसाठी लोक तीन-तीन गावं तुडवत यायचे. तोमेचा हात कमरेला टेकलेला. गाणाऱ्यानं ओळ उचलली, तारवाद्याचा टणत्कार झाला, पण कमर काही बोलेना. तोमे थांबला. मग कमर हलली, पण ओळ निघून गेल्यावर. असं कधी झालं नव्हतं. दुसऱ्या पावलाला तोमेला राहवलं नाही. त्यानं कमरेची वाट न बघता पाऊल टाकलं. आपल्या मनानं! आणि मान खाली घालून लाथेची वाट बघत राहिला. लाथ आली नाही. तिसरं पाऊल, लाथ नाही. सातव्या पावलाला तर वरचं डोकं त्याच्या पायाच्या मागून आलं.

रात्रभर त्याला वाटत राहिलं, की उस्ताद मनातून खूश झाला. पंधरा दिवस तसंच वाटलं. शिगेला पत्र लिहवून पाठवलं, की लाथा थांबल्यात, दिवस फिरले. फडातले बाकीचेही म्हणायला लागले, म्हातारपणी उस्ताद मऊ झाला. म्हातारा कानपाची, डावा हात धरणारा, तोमेला म्हणाला, “काय जादू केलीस रे? मी पाय धरायचो तेव्हा एकही सणवार लाथेविना गेला नाही.”

महिन्याभरात तोमेला कळलं. उस्तादाचा पाय उचलतच नव्हता. डावा पाय नुसता घासत चालायचा. खडावेवर उभं राहताना तो थोडा मागं कलायचा, आणि कललेलं वजन पडायचं कुठं? तोमेच्या हातावर. हात ऐकण्यासाठी ठेवायचा, जिभेवर केस ठेवावा इतका हलका. तो हात आता टेकू झाला होता. बघणाऱ्याला दिसायचं, की उस्ताद सरदाराला चालवतोय. खरं म्हणजे तोमे सरदाराला चालवायचा, आणि उस्तादालाही.

आणि हे कळल्यावर तोमेला काय वाटलं असेल? तुम्ही म्हणाल दया. छे! त्याला गुदगुल्या झाल्या. ज्या कमरेनं त्याला बावीस वर्षं नाचवलं ती कमर आता त्याच्या कोपराच्या खोबणीत बसून कुठं जायचं ते विचारत होती. एखाद्या दिवशी तो मुद्दाम पाऊल किंचित लांबवायचा, आणि वरून उस्तादाचा श्वास अडकलेला ऐकायचा. कुणाला कळायचं नाही. त्या दोघांत चाललेला खेळ वरच्या खेळापेक्षा रंगतदार होता म्हणा ना.

उस्ताद काही मूर्ख नव्हता. एक दिवस दुपारी सगळे बाहुल्यांचे कपडे वाळत घालत होते, तेव्हा त्यानं तोमेला पेटाऱ्यांमागं बोलावलं. गुडघ्यावर घोंगडी घेऊन बसला होता.

“तोमे.”

“जी, उस्ताद.”

“तुझा हात हल्ली फार बोलायला लागलाय.”

“त्याला ऐकू कमी येतंय, उस्ताद. म्हणून बोलतो.”

गोनजुरोनं डोळे बारीक केले. मग एकदम हसला. हसताना त्याच्या तोंडाची एक बाजू मागं राहिली. “कुणाला सांगितलंस?”

“बायकोला पत्र लिहवून पाठवलं. लाथा बंद झाल्या म्हणून.”

“आणि काय?”

“आणि थंडी फार आहे म्हणून.”

“कानपाची म्हातारा झालाय,” उस्ताद म्हणाला. “आज ना उद्या हात टाकेल. त्याची जागा तुझी. देवासमोर सांगतो. पण तोवर हे पाय धड ठेवायचे. कळलं?”

तोमेनं कपाळ जमिनीला टेकवलं. दोन वर्षं तो वचन पोटाशी धरून चालला. त्या दोन वर्षांत गोनजुरो उस्तादाची सात पावलं इतकी गाजली, की समुद्रापलीकडून बोटीनं लोक यायचे. जुने जाणकार माना डोलवायचे: म्हातारपणी हा माणूस कुठल्या कुठं पोचला, कमी करत करत अर्क काढला! तोमे बुरख्यात ते ऐकायचा. घरी येऊन शिगेला सांगायचा, “आज माझ्या पायांनी उस्ताद आणखी थोर झाला.” शिगेला एव्हाना सगळं ठाऊक होतं. ती म्हणायची, “अहो, जास्त थोर करू नका. थोर माणसाला आपले पाय सोडवत नाहीत.”

बाई शहाणी होती. याला कळलं नाही ते तिला कळलं. तोमे जितका चांगला टेकू देणार तितका उस्तादाला तो खालीच लागणार. डाव्या हाताला गेला तर कमरेला कोण धरणार?

तिसऱ्या वर्षी नवीन वर्षाच्या दिवशी कानपाची मेला. चिकट तांदळाची मोची घशात अडकली. दरवर्षी एखादा म्हातारा मोचीनं जातोच, पण कानपाची गेला तो सातव्या मोचीनं. सुनेनं सांगितलं होतं, आजोबा, तीन पुरे. तो म्हणाला, चाळीस वर्षं डाव्या हातानं खेळलोय, खाताना तरी दोन्ही हातांनी खाऊ दे. हसू नका, खरंच तसं म्हणाला.

तोमे त्याच्या चितेपाशी रडला. मनापासून रडला. आणि त्याच वेळी त्याची पाठ आपोआप सरळ होत होती, तेही खरं.

दहाव्या दिवशी सगळा फड देवघरात जमला. एबिसू देवाच्या बाहुल्यापुढं तांदळाची साके दारू ठेवलेली, सुके मासे ठेवलेले. गाणारा म्हातारा देनबेई उस्तादाच्या शेजारी बसला. फडात त्याचा शब्द चालायचा. गोनजुरोला दोन्हीकडून धरून आणून बसवलं, थंडीनं सांधे धरले म्हणून सांगितलं. तोमे धुतलेले कपडे घालून आला होता. शिगेनं कॉलरीला नवी पट्टी शिवली होती.

“डावा हात,” उस्ताद म्हणाला, “आजपासून यासुजी धरेल.”

यासुजी त्याचा पुतण्या. पायाचं काम करून पुरती पाच वर्षं झाली नव्हती. तोही दचकला.

कुणीतरी चुळबुळ केली. देनबेईनं घसा खाकरला, “उस्ताद, तोमेची चोवीस वर्षं झाली.”

“मग?” गोनजुरो म्हणाला. “बैल चोवीस वर्षं नांगराला होता म्हणून त्याला घोड्यावर बसवायचा का? बघा त्याच्याकडं. त्याला सरळ उभा केला तर मोडेल. वर आलं की चेहरा दिसायला लागतो, आणि याच्या चेहऱ्याला बुरख्याहून चांगला कपडा कुणी विणलेला नाही. तोमे पायांसाठी जन्मला. काय रे तोमे?”

सगळे हसले. उस्ताद विनोद करतो तेव्हा हसावं लागतं, आणि एकदा हसायला लागलं की मग ते खरंच हसू होतं. आणि रिवाज असा, की ज्याच्याबद्दल निर्णय होतो त्यानं वाकून आभार मानायचे. तोमे वाकला. “उपकार झाले, उस्ताद,” म्हणाला. हसू आणखी वाढलं.

घरी आल्यावर शिगेनं त्याच्या पाठीकडं एकदा बघितलं. कॉलरीची नवी पट्टी उसवायला बसली.

“राहू दे,” तोमे म्हणाला.

“सणाला लावू.”

“कुठल्या सणाला?”

“वसंतातल्या. देवळापुढच्या खेळाला.” दोरा दातानं तोडत ती म्हणाली, “मी म्हणते, सोडा तो फड. कांद्याच्या शेतावर जाऊ माझ्या भावाकडं.”

“कांद्याच्या शेतावरही वाकावंच लागतं,” तोमे म्हणाला.

मग त्यानं तो विषय काढलाच नाही. तालमीत तसाच. कमरेला हात तसाच. उस्तादाला वाटलं, गिळलं यानं. यासुजी बिचारा डावा हात धरून चाचपडायचा, तोमे त्याला खालून दबक्या आवाजात सांगायचा, “आता बाही झटक. आता मनगट.” इतका चांगला! देनबेईनं त्याला जवळ बोलावून सांगितलं, “तोमे, तू देवमाणूस आहेस.” तोमे म्हणाला, “नाही हो, मी बैल आहे, ऐकलंत ना तुम्ही.” देनबेई हसला आणि विसरला.

वसंताचा सण आला. देवळापुढच्या मोकळ्या शेतात बांबू उभे केले, गवताच्या चटया बांधल्या, झाला मंडप. तीन गावं जमली. बांगड्याची सुशी, उकडलेले बटाटे, सुक्या ऑक्टोपसाचे तुकडे, साकेचे बुधले, एकेका कुटुंबाचा चार-चार मजली डबा. सकाळपासून खेळ चाललेले. दुपारी ऊन मंडपाच्या मागं गेलं तेव्हा सरदार बाहेर आला. लोकांनी खाणं थांबवलं. मागून एक पिऊन तर्र झालेला सुतार ओरडला, “गोनजुरो, आम्हाला आमच्या जहागिरीपर्यंत चालवत ने!” हशा झाला आणि मग शांत.

निरोप झाला. लेक दाराशी कोसळली. देनबेईनं पोथीवर हात ठेवला, तारेवर पहिला ठोका पडला.

तोमेचा हात कमरेवर होता. त्यानं तो हलका केला. फक्त तेवढंच. जिभेवर केस ठेवावा तसा. पायवाल्याला शिकवतात तसा. ऐकायचं, बाकी काही नाही.

पहिलं पाऊल. कमर उशिरा बोलली, तोमेनं उशिरा पाऊल टाकलं. लोकांत कुणीतरी मान वळवली. दुसरं पाऊल. कमर लटपटली, पाऊल लटपटलं. वरून उस्तादाचा आवाज आला, ओठ न हलवता: “तोमे. हात.” तिसरं पाऊल. “हात दे. हरामखोरा, हात.” चौथं. कमर मागं आली, टेकू शोधत. हात होता, पण केसाइतका. पाचव्या पावलाला उस्ताद रडल्यासारखं काहीतरी म्हणाला. काय म्हणाला ते तोमेनं पुढं कधी सांगितलं नाही, शिगेलाही नाही. सहावं पाऊल.

सातव्या पावलाला खडावा पुढं घसरल्या आणि गोनजुरो उस्ताद मागं गेला. डावीकडं यासुजी होता, त्यानं धरायला हवं होतं. त्यानं उडी मारली, बाजूला. उस्ताद पाठीवर आपटला, त्याच्याबरोबर बाहुल्याचं डोकं, धड, रेशमी अंगरखा, सगळं. पायांच्या दोऱ्या तटकन तुटल्या. घोळदार विजारीतून दोन पांढरे पाय सुळकन मोकळे झाले. आणि उभे राहिले. तोमेच्या हातांत, एक पुढं एक मागं, सातव्या पावलावर जसे असावेत तसे. बोटाचं टोकसुद्धा हललं नाही.

देनबेई पोथीत डोकं घालून गात होता, त्याला दिसलंच नाही. त्याची ओळ चालू होती: म्हाताऱ्याचं पाऊल डगमगत नाही, म्हाताऱ्याचं पाऊल डगमगत नाही.

मग जो हशा उठला! तीन गावं हसली. बाया चटईवर लोळल्या. तो सुतार तर साकेच्या बुधल्यासकट आडवा झाला. गोनजुरो उताणा पडून आभाळाकडं बघत होता, तोंडाची एक बाजू गळालेली, आणि उंच खडावा पायांत तशाच, उलट्या कासवाच्या पायांसारख्या हवेत. तो उठू शकत नव्हता हे कळायला लोकांना वेळ लागला. कळल्यावरही काही जण हसतच होते, कारण ते दोन पाय अजून उभे होते. रिवाज असा आहे, की तारेचा शेवटचा ठोका पडेपर्यंत पायवाला पाय सोडत नाही, मग मंडपाला आग का लागेना. तोमेनं सोडले नाहीत. शेवटचा ठोका पडला, तेव्हा त्यानं पाय सावकाश जमिनीवर आडवे ठेवले आणि काळ्या बुरख्यासकट मागं निघून गेला. उस्तादाकडं बघितलंही नाही.

गोनजुरो मेला नाही. मेला असता तर बरं झालं असतं असं त्याची बायकोच म्हणायची. एक बाजू गेली, बोलणं तुटक झालं. गावात पोरं खेळताना एकमेकांना ढकलून उताणी पाडायची आणि ओरडायची, “सातवं पाऊल!” ते त्याच्या खिडकीखालीही ओरडायची.

फडात मात्र प्रश्न उरला. उस्तादाचं ‘हात दे’ शेजारच्या यासुजीनं ऐकलं होतं; मग तोमेनं सोडलं, की त्याच्या हातून सुटलं? यासुजी म्हणाला, “मला कसं दिसणार? मी उडी मारली.” शेवटी देनबेईनं तोड काढली. तोमेला बोलावून म्हणाला, “हे बघ. यासुजी आता डोकं धरेल, दुसरा कुणी नाही. डावा हात तुझा. कुणाची हरकत नाही. मुळात तो तुझाच होता. फक्त एक काम. उस्तादाच्या घरी जा, सगळ्यांसमोर त्याच्या अंथरुणापाशी डोकं टेक आणि म्हण, चुकलो. खरं काय, खोटं काय, आम्हाला ऐकायचं नाही. एक शब्द. म्हण आणि उद्यापासून सरळ उभा राहा.”

शिगेनं पुन्हा ती पट्टी कॉलरीला शिवली.

आता पुढचं आधीच सांगून टाकतो. डावा हात तोमेकिचीला मिळाला नाही. तो शेजारच्या बेटावरून आणलेल्या एका लांबड्या माणसाला मिळाला. तोमे सत्तरीपर्यंत पायच धरत राहिला; त्याच्यासारखे पाय दुसरे नव्हते म्हणून त्याला काढलंही नाही कुणी. यासुजीनं त्याला उभ्या जन्मात एक लाथ मारली नाही. मारायची छाती नव्हती. खेळात यासुजीची कमर तोमेच्या हाताला लागली की आक्रसायची, आणि तोमेला ते जाणवायचं, रोज. मेला तेव्हा त्याला सरळ झोपवता आलं नाही, तिरडीवर कुशीवर ठेवावा लागला. आणि हे सगळं एका उत्तरापायी, जे द्यायची गरज नव्हती.

कारण तोमे माफी मागायला गेला खरा. अख्खा फड खोलीत दाटीनं बसला. गोनजुरो अंथरुणावर, बायको त्याची लाळ पुसतेय. देनबेई शेजारी, डोळ्यांनी तोमेला खुणावतोय, की आटप. तोमेनं चटईवर दोन्ही हात ठेवले, कपाळ टेकवलं. आता तो शब्द येणार. तेवढ्यात गोनजुरोनंच तोंड उघडलं. शब्द एकेक करून ओढत आणला.

“तू… सोडलंस… मला.”

देनबेईनं घाईनं तोमेच्या खांद्याला बोट लावलं. तोमेनं मान वर केली. फडात आल्यापासून तो या माणसाला कमरेनं ओळखत होता. तोंडाकडं एवढं सरळ त्यानं पहिल्यांदा बघितलं. आणि म्हणाला:

“माझ्याकडं पाय होते, उस्ताद. ते शेवटपर्यंत उभे होते. बाकीचं सगळं तुमच्याकडं होतं.”